गोल्फ क्लबाची ओसरी

मराठी घरात ओसरीला जो मान, तोच गोल्फ क्लबात व्हरांड्याला. हा खेळच उघड्या माळावरचा. दोन-तीन कोस पायपीट करून आलेल्या माणसाला घरात कोंडून घ्यायचे नसते, आणि ऊनही नको असते. डोक्यावर छप्पर आणि समोर मैदान, एवढेच त्याचे मागणे. व्हरांडा हा शब्द इंग्रजीत आपल्याच देशातून गेला, हे सांगितले की माझ्या वर्गातली मुले एकदम ताठ बसतात!

अशा व्हरांड्याचा नामांकित नमुना न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड बेटावर आहे. शिनेकॉक हिल्स क्लब १८९१ साली निघाला आणि पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड व्हाइट या वास्तुशिल्पकाराने टेकडीच्या माथ्यावर त्याचे घर उभारले. व्हरांड्याला भिंती घातल्या असत्या तर नजर अडली असती. म्हणून छपराचा भार खांबांवर. बसल्या जागेवरून हिरवळ दिसते, वारा अंगावर येतो, पाऊस तेवढा बाहेर राहतो. (याच व्हाइटचा १९०६ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या गच्चीवर खून झाला. तीही इमारत त्याचीच! कादंबरीत मी असे लिहिले, तर संपादक हस्तलिखित साभार परत करतील.)

पण वाचकहो, मला त्या ओसरीपेक्षा समोरची जमीन अधिक बोलकी वाटते. त्या टेकड्या शिनेकॉक आदिवासींच्या. १७०३ साली गोऱ्यांच्या गावाने त्यांना हजार वर्षांचा पट्टा लिहून दिला. १८५९ मध्ये तो मोडला; हजारांतली जेमतेम १५६ वर्षे भरली होती. पुढे त्याच जमिनीवर गोल्फचे मैदान आखले गेले, तेव्हा मजूर म्हणून राबले तेही शिनेकॉकच.

१८९६ मध्ये अमेरिकेची खुली स्पर्धा येथे भरली. जॉन शिपेन हा १६ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा आणि ऑस्कर बन हा शिनेकॉक तरुण, दोघांनीही नावे दिली. इतर खेळाडू अडून बसले : हे खेळणार असतील तर आम्ही नाही. संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवेमायर बधले नाहीत. हे दोघेच उरले तरी स्पर्धा होईल, असे त्यांनी बजावले. मग सगळे निमूट खेळले. शिपेनला एका होलवर ११ फटके लागले, नाहीतर कोण जाणे! विजेत्या जेम्स फाउलिसचे १५२, त्याचे १५९.

शिनेकॉक जमातीला वॉशिंग्टनच्या सरकारने मान्यता दिली ती २०१० मध्ये. टेकड्या मात्र परत मिळाल्या नाहीत.