तारेवर उमटलेला आवाज

बिनतारी दूरध्वनीसोबत घरात आलेले, निरोप टिपून ठेवणारे यंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचे अपत्य वाटते. त्याचे मूळ मात्र एकोणिसाव्या शतकात आहे. वाल्डेमार पौलसेन या डॅनिश अभियंत्याने १८९८ मध्ये ‘टेलिग्राफोन’ साकारला. दूरध्वनीवरचा आवाज पोलादी तारेवर चुंबकीय रूपात साठवावा, हा त्याचा हेतू. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याचा आवाज या यंत्राने टिपला. तो आजही ऐकता येतो.

मग हे यंत्र घरोघरी पोहोचायला इतका काळ का लागला? आरंभी आवाज क्षीण होता, हे खरे. परंतु १९३० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत क्लॅरेन्स हिकमन याने कामचलाऊ नव्हे, तर चांगले यंत्र सिद्ध केल्यावरही ‘एटी अँड टी’ने ते दडवून ठेवले. बोलणे नोंदले जाते हे कळताच लोक दूरध्वनीपासून दुरावतील, ही धास्ती त्यामागे होती. अमेरिकेत परकी उपकरणे दूरध्वनीच्या जाळ्याला जोडण्याची वाट १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने मोकळी झाली.

कंपनीचा स्वार्थ उघडच आहे. तरी तिची भीती पोकळ नव्हती. उच्चारलेला शब्द हवेत विरतो, म्हणूनच माणूस निर्धास्त बोलतो. आज खिशातला फोनही संभाषण टिपू शकतो, आणि शब्द तोलून बोलण्याची पाळी आपल्यावर आली आहे.