वाळवंट : गोदाकाठच्या एका सार्वजनिक भूमीचा इतिहास

‘वाळवंट’ हा शब्द उच्चारताच आज सहारासारखे निर्जल प्रदेश डोळ्यांपुढे उभे राहतात. जुन्या मराठीत मात्र त्याचा निर्देश प्रायः नदीपात्रातील वाळूच्या विस्ताराकडे असे. पंढरपुरी चंद्रभागेचे वाळवंट, पैठणी गोदेचे वाळवंट, असे आपण अद्यापि म्हणतो. प्रस्तुत टिपणात परभणी जिल्ह्यातील गोदेच्या वाळवंटाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

पाथरीपासून पूर्णेपर्यंत या जिल्ह्याचा दक्षिण भाग गंगथडीचा आहे. येथे गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात. गंगाखेडच्या नावातही तीच आहे. परंपरेने हे संत जनाबाईंचे जन्मस्थान होय. पर्वकाळी स्नानास येणारा यात्रेकरू वाळूतच उतरे. उन्हाळ्यात तेथेच टरबूज-खरबुजांच्या वाड्या लागत आणि झिरे खणून पिण्याचे पाणी काढीत. दरवर्षीचा पूर सीमाखुणा पुसून टाकी; त्यामुळे पात्रातील भूमीवर कायमची मालकी सांगणे कठीण होते. वाळवंटाच्या सार्वजनिकतेचे मूळ या भौगोलिक वस्तुस्थितीत शोधावे लागते.

या सार्वजनिकतेला सामाजिक बाजूही आहे. तापल्या वाळूत रडणारे अस्पृश्याचे मूल एकनाथांनी (१५३३–१५९९) कडेवर घेतल्याची कथा पैठणच्या वाळवंटात घडते. तिची ऐतिहासिकता सिद्ध करता येत नाही. परंतु कथाकारांनी निवडलेले स्थळ लक्षणीय आहे. ब्राह्मण व अस्पृश्य यांच्या वाटा एकमेकींना छेदू शकतील अशी जागा गावात क्वचितच होती. ती कृती असामान्य मानली गेली, यावरून निर्बंध वाळूतही होते हे उघड आहे. पंढरपुरात विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली उघडले. वाळवंटातील कीर्तनाची परंपरा त्याच्या कित्येक शतके आधीची आहे.

येथे अमेरिकेतील एका उदाहरणाशी तुलना उद्बोधक ठरते. कॉलोरॅडो राज्यातील ‘ग्रेट सँड ड्यून्स’ येथील सुमारे २२५ मीटर उंचीच्या टेकड्या पाहण्यास आज प्रवासी जातात. पर्वतातून उतरलेल्या प्रवाहांनी ती वाळू खोऱ्यात आणली आणि वाऱ्याने तिचे डोंगर रचले. पायथ्याचे ओढे आजही वाहून गेलेली वाळू परत आणून टाकतात. १९२०च्या दशकात सोन्याचे खाणकाम व काँक्रीट यांसाठी ही वाळू उपसली जाईल, अशी भीती तेथील रहिवाशांना वाटली. त्यांच्या, विशेषतः स्थानिक महिला-मंडळांच्या, प्रयत्नांमुळे १९३२ साली त्या भूमीस राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. २००४ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली.

गोदेच्या वाळूस काँक्रीटचेच संकट आले. मात्र कायद्याने तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. १९५७च्या खाण व खनिज अधिनियमात साधी वाळू ‘गौण खनिज’ ठरली. म्हणजे पात्रातील वाळू मुख्यतः स्वामित्वधनाचा आणि लिलावाचा विषय झाली. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाने वरून येणारा गाळ व वाळू अडविली. पुढे ढालेगाव, मुद्गल, दिग्रस येथे बंधारे झाले. या जलसंचयाचा शेतीस लाभ झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु भरपाई खुंटली असताना उपसा चालू राहिला, तर पात्र खोल जाऊन तळाचा खडक उघडा पडतो आणि काठच्या विहिरींची पातळी खालावते. गौण खनिजाच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरणविषयक पूर्वमान्यता आवश्यक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला.

वाळू वाचविण्यासाठी ती प्रथम ‘स्थळ’ म्हणून ओळखली जावी लागते. कॉलोरॅडोत ही ओळख निसर्गदर्शनातून निर्माण झाली. गोदाकाठी ती यात्रा, कीर्तन व शेती यांतून शतकानुशतके सिद्धच होती. परंतु महसुली दप्तराच्या परिभाषेत तिला स्थान मिळाले नाही. गावोगावच्या वाळवंटांच्या उपयोगाची नोंद, ते जाणणारी पिढी हयात आहे तोवर, जिल्ह्याच्या अभ्यासकांनी करून ठेवणे अगत्याचे आहे.