मालिश

मालिश (मर्दन, आयुर्वेदात अभ्यंग) म्हणजे त्वचा, स्नायू व त्यांलगतच्या मऊ ऊती हातांनी ठरावीक दाबाने व दिशेने हाताळण्याची क्रिया होय. महाराष्ट्रात दिवाळीचे अभ्यंगस्नान, बाळ-बाळंतिणीचे तेल लावणे आणि कोल्हापूरच्या तालमींतील पैलवानांचे अंग रगडणे ही तिची परिचित रूपे आहेत. आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमात ती पंचकर्म या विषयात शिकवली जाते. नवी मुंबईत नेरूळ येथील डी. वाय. पाटील विद्यापीठात असे आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेथील परिभाषेत अभ्यंग हे बाह्य स्नेहन असून त्यानंतर स्वेदन, म्हणजे घाम आणणारा शेक, दिला जातो.

तंत्रे

पाश्चात्त्य पद्धतीतील मूलभूत तंत्रांची फ्रेंच नावे डच वैद्य योहान गेऑर्ग मेझगर (१८३८–१९०९) यांनी रूढ केली, असे सामान्यतः मानले जाते. मराठीत त्यांना साधे शब्द पूर्वीपासून आहेत. सुरुवातीला व शेवटी तळहाताने लांब, हलके चोळतात. मधल्या टप्प्यात स्नायू कणकेसारखा मळतात. अंगठ्याने एकाच जागी खोल घासणे, थोपटणे आणि कंप देणे ही उरलेली तंत्रे होत. हातापायांवर पाश्चात्त्य पद्धतीत दाब हृदयाच्या दिशेने देतात, तर अभ्यंगात हात प्रामुख्याने अनुलोम, म्हणजे केसांच्या दिशेने, फिरवतात.

परिणाम

मालिशीने स्नायूंचा ताण व व्यायामानंतरचा ठणका काही काळ कमी होतो आणि चिंता ओसरते. कंबरदुखीतही आराम मिळतो, पण तो बहुधा अल्पकाळ टिकतो. मालिशीने स्नायूंतील लॅक्टिक आम्ल निघून जाते, हा समज मात्र चुकीचा आहे. व्यायामानंतर तासाभरात ते शरीर स्वतःच वापरून टाकते.

निषेध

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असल्यास तेथे मालिश करू नये. गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यास मृत्यू ओढवू शकतो. एकाच पोटरीला अचानक सूज व वेदना आल्यास रगडण्याआधी तपासणी आवश्यक असते, आणि घरगुती उपचारात नेमके हेच राहून जाते. ताप, ताजे अस्थिभंग व त्वचेचा संसर्ग यांतही मालिश टाळतात. ‘अष्टांगहृदया’त नित्य अभ्यंग, विशेषतः डोके, कान व पाय यांना, सांगितला असला तरी अजीर्ण असताना तो वर्ज्य मानला आहे. नवजात बालकाच्या नाकात तेल सोडण्याची प्रथा घातक आहे: तेल श्वासमार्गात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.