चहाच्या हिशेबातून निघालेलं यंत्र

बकिंगहॅम राजवाड्याच्या हिरवळीवर दर उन्हाळ्यात होणाऱ्या चहापानाला सुमारे ८,००० पाहुणे येतात. एका दुपारी २७,००० कप चहा, २०,००० सँडविच आणि २०,००० केकचे काप फस्त होतात, असं राजघराण्याकडूनच सांगितलं जातं. भागाकार केला तर माणशी साडेतीन कपांच्या आत चहा, अडीच सँडविच आणि अडीच केकचे काप. समारंभाच्या चहाचा सगळा धंदा या भागाकारावर उभा असतो. अर्धं सँडविच कमी धरलं तर शेवटच्या तंबूतले पाहुणे रिकामी बशी घेऊन उभे राहतात. अर्धं जास्त धरलं तर ४,००० सँडविच संध्याकाळी फेकून द्यावी लागतात.

विसाव्या शतकात अनेक वर्षं हे चहापान सांभाळलं ते जे. लायन्स अँड कंपनीने. चेल्सीचं पुष्पप्रदर्शन आणि विम्बल्डनची टेनिस स्पर्धा इथेही चहा लायन्सचाच. इंग्लंडबाहेर आज हे नाव फारसं कुणाला आठवत नाही. पण ऑफिसच्या कामासाठी नियमितपणे वापरलेला जगातला पहिला संगणक या चहावाल्यांनी बांधला. एखादी बँक, विमा कंपनी किंवा सरकारी खातं यात पुढे असेल असं वाटतं. प्रत्यक्षात पुढे होती पाव, केक आणि चहा विकणारी कंपनी, आणि त्याला कारण होतं. इतक्या बारीक नफ्यावर इतका मोठा पसारा चालवताना हिशेबाच्या चुकीची किंमत दुसऱ्या कुणाला इतकी लवकर मोजावी लागत नव्हती.

सुरुवात तंबाखूच्या दुकानातून झाली. सामन आणि ग्लुकस्टीन ही लंडनमधली ज्यू कुटुंबं सिगार-तंबाखूच्या व्यापारात होती. त्यांच्यातला मॉन्टेग्यू ग्लुकस्टीन विक्रीसाठी गावोगाव हिंडे, औद्योगिक प्रदर्शनांना जाई. तिथे लाखो माणसं दिवसभर पायपीट करत आणि खायला-प्यायला धड काही मिळत नसे. दारू मिळे, पण मुलाबाळांना घेऊन आलेल्या कुटुंबाने बसावं कुठे? कपभर चांगला चहा वाजवी दरात आणि स्वच्छ टेबलावर द्यायचा, हा धंदा आहे हे मॉन्टेग्यूने ओळखलं. घरच्यांना मात्र खाणावळीच्या व्यवसायाशी आपलं नाव जोडलं जायला नको होतं. मग नात्यातल्या जोसेफ लायन्सला पुढे केलं आणि पाटीवर त्याचं नाव लागलं.

पहिलं कंत्राट १८८७ चं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त न्यूकॅसलला भरलेल्या प्रदर्शनाचं. वीस लाखांहून जास्त लोक तिथे येऊन गेले. लायन्सने चहासोबत हंगेरियन वाद्यवृंद ठेवला. वादकांचा खर्च चहाच्या दरातूनच निघायचा होता. लोक चहासाठी थांबतात, पण सुरांमुळे बसून राहतात, आणि बसलेला माणूस आणखी काहीतरी मागवतो, हे गणित त्यामागे होतं. पुढच्याच वर्षी ग्लासगोचं प्रदर्शन मिळालं आणि मग लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहातले समारंभ.

समारंभांच्या कंत्राटात एक अडचण असते. हंगाम संपला की भांडी, माणसं आणि भटारखाना बसून राहतो. त्यामुळे लायन्सने रोजच्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. २० सप्टेंबर १८९४ रोजी लंडनच्या पिकॅडिलीवर २१३ क्रमांकाच्या इमारतीत त्यांचं पहिलं चहाचं दुकान उघडलं. पांढऱ्या-सोनेरी दर्शनी भागाची ही दुकानं पुढे अडीचशेच्या घरात गेली. दुकान कुठल्याही वस्तीत असो, चहाचा आणि बनचा दर एकच. लंडनमध्ये एकट्या बाईने जाऊन निर्धास्त बसावं अशा जागा तेव्हा मोजक्याच होत्या. लायन्सचं दुकान त्यातलं एक झालं. ऑफिसात काम करू लागलेल्या टायपिस्ट मुलींनी दुपारचा चहा इथेच घ्यायला सुरुवात केली. उमरावांच्या दिवाणखान्यात सुरू झालेली चार वाजताच्या चहाची रीत कारकुनांपर्यंत पोचवण्यात या दुकानांचा वाटा मोठा होता.

स्वस्त चहाची किंमत कुणीतरी भरतच होतं, हेही सांगायला हवं. दुकानात वाढणाऱ्या मुलींना आधी ‘ग्लॅडिस’ म्हणत. १९२० च्या दशकाच्या मध्यात त्यांचं नाव ‘निपी’ झालं. काळा पोशाख, त्यावर मोत्यांच्या गुंड्यांच्या दोन ओळी, पांढरा एप्रन आणि टोपी. १९३० मध्ये त्यांच्यावर एक संगीत नाटकही आलं. जाहिरातीत निपी सदैव हसतमुख दिसे. प्रत्यक्षात तासन्‌तास उभं राहायचं, पगार तुटपुंजा आणि लग्न झालं की नोकरी सुटायची. दर वाढवायचा नाही असं एकदा ठरलं की उरलेला ताण मजुरीवर आणि मोजमापावर येतो. लायन्सने दोन्हीकडे ताण दिला.

मोजमापाची त्यांची ताकद १९२५ च्या ऑगस्टमध्ये दिसली. ऑलिम्पियात फ्रीमेसन मंडळींची मेजवानी होती, सुमारे आठ हजार पाहुण्यांची. वाढायला हजाराहून जास्त मुली. आपल्याकडे लग्नात पाचशे पानं सांगावीत आणि साडेसहाशे माणसं जेवून जावीत, हा अनुभव प्रत्येक आचाऱ्याने घेतलेला असतो. तो निदान गावातल्या किराणा दुकानात माणूस पिटाळू शकतो. आठ हजारांच्या पंगतीत तशी सोय नसते. ताटं, काटे-चमचे, आईस-बकेट, कुठल्या टेबलाला कुठल्या दाराने वाढायचं, सगळं आधी कागदावर उतरलेलं असावं लागतं.

हा कागद लायन्समध्ये फार वाढला होता. हॅमरस्मिथमधल्या कॅडबी हॉल या मुख्यालयाच्या आवारात भट्ट्या, भटारखाने आणि कचेऱ्या एकत्र होत्या. नोकरवर्ग तीस हजारांवर गेला. प्रत्येक निपी प्रत्येक गिऱ्हाइकाचं बिल हाताने लिही. ती बिलं मुख्यालयात येत आणि खोल्याच्या खोल्या भरून बसलेल्या कारकून मुली बेरजेच्या यंत्रांवर ती पुन्हा तपासत. एका कपामागे उरणारा नफा पेनीच्या लहानशा अंशात असे, म्हणून हा खटाटोप. पण तपासणीचाच खर्च नफा खाऊ लागला तर?

हा प्रश्न ज्याने गांभीर्याने धरला तो जॉन सिमन्स. केंब्रिजमधून गणितात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला हा तरुण १९२३ मध्ये लायन्समध्ये आला. गणितज्ञाने बन-पावाच्या कंपनीत काय करायचं, असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल. सिमन्सची दृष्टी वेगळी होती. घडून गेलेल्या गोष्टींची नोंद ठेवणं एवढंच कचेरीचं काम नाही, उद्या काय करावं हे सांगणं हेही तिचं काम आहे, असं तो मानी. त्याच्या आग्रहाने लायन्समध्ये कारकुनी कामाच्या पद्धतींचाच अभ्यास करणारा एक विभाग उभा राहिला. १९३० च्या दशकात फार थोड्या कंपन्यांकडे असा विभाग होता.

मग युद्ध आलं. जुलै १९४० पासून ब्रिटनमध्ये चहा रेशनवर गेला, माणशी आठवड्याला २ औंस. तो ऑक्टोबर १९५२ पर्यंत रेशनवरच राहिला. नोकर मिळेनासे झाले आणि अनेक दुकानांत गिऱ्हाइकांनी स्वतः ट्रे घेऊन रांगेत उभं राहायची पद्धत आली. अशा दिवसांत, १९४७ मध्ये, लायन्सने रेमंड थॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफोर्ड यांना अमेरिकेत पाठवलं. कचेरीच्या कामात तिथे नवं काय चाललंय ते पाहून यायचं होतं. त्यांना नव्या ‘इलेक्ट्रॉनिक मेंदूं’बद्दल कुतूहल होतं. प्रिन्स्टनमध्ये ते अशा यंत्रांवर काम करणाऱ्या हर्मन गोल्डस्टाइन यांना भेटले. तोफगोळ्यांच्या मार्गाची गणितं करणारं यंत्र पगाराचा आणि पावाचा हिशेबही करू शकेल का, असा त्यांचा प्रश्न होता. गोल्डस्टाइनने त्यांना सांगितलं, तुमच्याच देशात, केंब्रिजमध्ये, मॉरिस विल्क्स असं यंत्र बांधतोय.

लायन्सने विल्क्सच्या प्रयोगशाळेला सुमारे ३,००० पौंड आणि आपला एक तंत्रज्ञ दिला. ६ मे १९४९ रोजी केंब्रिजचं ‘एडसॅक’ चाललं. ते चाललेलं पाहूनच लायन्सने स्वतःचं यंत्र बांधायचा निर्णय पक्का केला. जॉन पिंकर्टन हा तरुण अभियंता नेमला गेला. नाव ठरलं ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’, म्हणजेच ‘लिओ’. हजारो व्हॉल्व्ह आणि स्मृतीसाठी पाऱ्याने भरलेल्या नळ्या, असा तो अवाढव्य संच कॅडबी हॉलमध्ये उभा राहिला. पार्टीची कंत्राटं घेणाऱ्यांच्या आवारात, भट्ट्यांच्या शेजारी!

२९ नोव्हेंबर १९५१ च्या सुमारास लिओने पहिलं खरं काम केलं. भट्टीतून त्या आठवड्यात किती पाव, केक आणि ‘पाय’ (सारण भरलेली पेस्ट्री) बाहेर पडले, त्यांना किती माल आणि मजुरी लागली, ते कुठल्या दुकानाला आणि कुठल्या विक्रीविभागाला गेले आणि त्यांची किंमत काय होते, याचा तो हिशेब होता. पुढे आठवड्यामागून आठवडे तो त्याच यंत्रावर होत राहिला. समारंभाचा चहा ठरवताना बशीतल्या प्रत्येक केकची खरी पडती किंमत माहीत असावी लागते. ती आता अंदाजावर राहिली नाही.

हे सगळं पौंड-शिलिंग-पेन्समध्ये करायचं होतं. २० शिलिंगांचा पौंड, १२ पेन्सचा शिलिंग, त्याखाली अर्धी पेनी आणि पाव पेनी. रुपये-आणे-पै ज्यांनी शाळेत घोटले त्या मराठी वाचकांना यातली दमछाक वेगळी सांगायला नको. भारताने १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आणली, ब्रिटनने त्यासाठी १५ फेब्रुवारी १९७१ उजाडू दिला. तोवर लिओच्या वंशातल्या यंत्रांना हाच गुंता सोडवत राहावं लागलं.

१९५४ मध्ये दोन मोठी कामं आली. एक पगाराचं. अनुभवी कारकुनाला एका माणसाचा पगार काढायला ८ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद. दुसरं काम मला अधिक मोलाचं वाटतं, कारण त्यात चहाच्या धंद्याचा प्राण आहे. ते म्हणजे दुकानांच्या रोजच्या मागणीचं. डेव्हिड कॅमिनरने त्याची रचना केली. हा माणूस १९३० च्या दशकात लायन्समध्ये उमेदवारीला आला होता आणि दुकानांचं कामकाज त्याला आतून माहीत होतं. प्रत्येक दुकानाची वारानुसार एक ठरलेली मागणी यंत्राकडे नोंदवून ठेवली. रोज दुपारी ठरल्या वेळी कॅडबी हॉलमधून दुकानाच्या व्यवस्थापिकेला फोन जाई. कानाला हेडफोन लावलेली मुलगी फक्त बदल विचारी. उद्या बन किती वाढवू? पेस्ट्री कमी करू? उत्तर ऐकता ऐकता ती कार्डावर छिद्रं पाडी. ती कार्डं लिओत जात. बाहेर येई ते भटारखान्यासाठी एकूण काय शिजवायचं, माल बांधणाऱ्यांसाठी कुठल्या दुकानाला काय द्यायचं, आणि व्यवस्थापनासाठी दुकान कसं चाललंय याचा आढावा.

यातली चतुराई यंत्रात कमी आणि प्रश्नात जास्त होती. पूर्ण यादी रोज भरून मागितली असती तर थकलेल्या व्यवस्थापिकेने कालचीच उतरवली असती. फक्त बदल विचारल्यामुळे तिला उद्याच्या हवेचा, सुट्टीचा, शेजारच्या ऑफिसातल्या गर्दीचा विचार करणं भाग पडे. ज्याला दुकान ठाऊक आहे त्याने अंदाज करावा आणि बेरीज यंत्राने करावी, अशी ती वाटणी होती. आजही एखाद्या कंपनीच्या वार्षिक सभेचा चहा ठरवताना चांगला केटरर मागच्या वेळचा आकडा पुढे ठेवतो आणि विचारतो, या वेळी काय बदललंय?

लिओवर काम करणाऱ्यांत मेरी कूम्ब्स होत्या. व्यापारी कामासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. पगाराच्या कामात त्यांचा हात होता. बिलं तपासणाऱ्या शेकडो मुलींच्या कचेरीतच एका मुलीला यंत्राला शिकवायचं काम मिळालं, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती.

बाहेरून विचारणा होऊ लागली. फोर्ड मोटर कंपनीने आपल्या कामगारांचे पगार लिओवर काढून घेतले, सरकारी खात्याने करांचे तक्ते. १९५४ मध्ये लायन्सने लिओ कॉम्प्युटर्स ही वेगळी कंपनी काढली. पण यंत्रं बांधायला लागणारं भांडवल चहाच्या नफ्यातून किती काळ निघणार? १९६३ मध्ये ती इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाली आणि पुढे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आयसीएल या संगणक कंपनीत सामावली.

चहाच्या बाजूला घसरण आधीच सुरू झाली होती. कॉफीबार आले, घरी दूरचित्रवाणी आली, शहरातली जागा महाग झाली. १९७० च्या दशकात कर्जाच्या ओझ्याखाली लायन्स वाकली आणि १९७८ मध्ये अलाइड ब्रुअरीजने, म्हणजे बिअर गाळणाऱ्या कंपनीने, ती विकत घेतली. दारूऐवजी चहा द्यायचा म्हणून जन्मलेल्या कंपनीचं हे झालं. पुढे काही वर्षांतच कॅडबी हॉलच्या इमारती पाडल्या गेल्या. लिओच्या शेवटच्या पिढीतली काही यंत्रं मात्र ब्रिटिश टपाल-टेलिफोन खात्याने घेतली होती. ती लोकांची टेलिफोनची बिलं काढत १९८१ पर्यंत चालू राहिली.