मुलांचे घरगुती अग्निसुरक्षा शिक्षण

घरात आग लागू नये म्हणून घ्यावयाची काळजी आणि आग लागल्यास करावयाची कृती मुलांना सरावासह शिकवणे म्हणजे मुलांचे घरगुती अग्निसुरक्षा शिक्षण होय. भारतात १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर लागलेल्या आगीनंतर झालेल्या स्फोटांत मृत्यू पावलेल्या अग्निशमन जवानांचे स्मरण या निमित्ताने केले जाते.

== गरज ==
आग दिसताच लहान मूल घाबरून पलंगाखाली, कपाटात किंवा पडद्यामागे लपण्याचा संभव असतो. अशा वेळी शोधकार्य कठीण होते. ज्वाळांइतकाच धूरही प्राणघातक असतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग व वास नसतो. म्हणून ‘लपू नये, बाहेर पडावे’ हा या शिक्षणाचा पहिला धडा मानला जातो.

== घरातील धोके ==
गॅसची शेगडी, काडेपेटी, देवापुढील निरांजन, डासांची कॉइल, एकाच सॉकेटवर जोडलेली अनेक उपकरणे आणि दिवाळीतील फटाके ही आगीची संभाव्य कारणे आहेत. फटाके उडवताना सैल व कृत्रिम धाग्यांचे कपडे टाळून सुती कपडे घालावेत.

== शिकवावयाच्या कृती ==
* धूर वर चढतो. त्यामुळे जमिनीलगत रांगत बाहेर पडणे.
* बंद दार उघडण्यापूर्वी त्याला हाताची मागची बाजू लावून पाहणे. गरम असल्यास ते न उघडणे.
* कपड्यांनी पेट घेतल्यास न धावता थांबणे, जमिनीवर आडवे होणे व चेहरा हातांनी झाकून लोळणे.
* उद्वाहन न वापरता जिन्याने उतरणे, ठरलेल्या जागी जमणे आणि कोणत्याही वस्तूसाठी परत आत न जाणे.
* बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ या क्रमांकावर पूर्ण पत्ता सांगणे.
* गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण न दाबता मोठ्यांना सांगणे व घराबाहेर जाणे.
* भाजल्यास जागा सुमारे २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरणे. बर्फ, हळद किंवा टूथपेस्ट न लावणे.

== पद्धती ==
तीन ते पाच वर्षांच्या मुलांना काडेपेटी दिसल्यास ती न उचलता मोठ्यांना सांगण्यास शिकवतात. थोडी मोठी मुले घराचा नकाशा काढून बाहेर पडण्याचे दोन मार्ग शोधतात. पुढे कुटुंबासह त्याचा सराव केला जातो. श्वसनयंत्र लावलेल्या जवानाला पाहून लहान मूल घाबरू शकते. त्यामुळे प्रात्यक्षिकात त्या पोशाखाची ओळख करून देणे उपयुक्त ठरते.

== मर्यादा ==
भीती दाखवून दिलेले शिक्षण उलट परिणाम करू शकते. शिक्षेच्या धाकाने मूल आपल्या हातून लागलेली आग लपवते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. म्हणून आग कशीही लागली असली, तरी ती तत्काळ सांगणाऱ्यास रागावले जाणार नाही, याची खात्री मुलाला आधीच देणे आवश्यक असते. तसेच या शिक्षणामुळे पालकांची जबाबदारी कमी होत नाही. ज्वलनशील वस्तू मुलांच्या हातापासून दूर ठेवणे हे प्रौढांचेच कर्तव्य राहते.