औलीला जायचं का? आधी खालच्या गावाची गोष्ट ऐका

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण प्रश्न एकदम घरगुती. पुण्याहून सहा माणसं, त्यात बाबा ६४ वर्षांचे आणि भाचा ६ वर्षांचा, एवढा लवाजमा घेऊन औलीला बर्फ बघायला जावं का? विमानाने डेहराडून, तिथून ऋषिकेश, मग अलकनंदेच्या काठाकाठाने साधारण २५० किलोमीटर घाटरस्ता. म्हणजे अख्खा एक दिवस गाडीत. आणि पोचायचं कुठे, तर एका उतारावर. हो, मुख्य स्की उतार एकच, जेमतेम ३ किलोमीटरचा. गुलमर्गचा गोंडोला तुम्हाला जवळजवळ ४,००० मीटरवर नेऊन सोडतो. औली ३,००० च्या आसपास संपतं.

रील्समध्ये सगळंच पांढरंशुभ्र दिसतं, म्हणून मी जरा मागे जाऊन वाचायला लागलो.

औलीच्या खाली जोशीमठ आहे. आपल्याकडच्या आजी-आजोबांना हे नाव चांगलं माहीत असतं, कारण बद्रीनाथच्या यात्रेतला हा आधीचा मुक्काम. शंकराचार्यांच्या चार मठांपैकी उत्तरेचा ज्योतिर्मठ तो हाच. हिवाळ्यात बद्रीनाथ बंद झालं की शंकराचार्यांची गादी इथल्या नरसिंह मंदिरात येते. त्या मंदिराबद्दल एक लोककथा आहे. मूर्तीचा एक हात वर्षानुवर्षं बारीक होत चाललाय, आणि तो तुटला की जय-विजय हे दोन डोंगर कोसळून बद्रीनाथची वाट बंद होईल. ही कथा लक्षात ठेवा.

गावाच्या वर औली म्हणजे एक बुग्याल, गढवालीत उंचावरचं गवताळ कुरण. उन्हाळ्यात गुरं चरायची, हिवाळ्यात बर्फ. इथे स्की आलं ते सुट्टीसाठी नाही. जोशीमठपासून एक वाट माणा गावाकडे जाते, दुसरी नीती खोऱ्यात, आणि दोन्ही तिबेटला भिडतात. या वाटांनी भोटिया लोकांचा मीठ-लोकरीचा व्यापार चालायचा, तो १९६२ च्या युद्धाने थांबला. युद्ध चालू असतानाच, २४ ऑक्टोबर १९६२ ला, आयटीबीपी उभी राहिली. बर्फात सीमा राखायची तर बर्फात चालता-घसरता आलं पाहिजे, म्हणून पुढे औलीत जवानांचं गिर्यारोहण आणि स्कीचं प्रशिक्षण सुरू झालं. पर्यटक त्यांच्या मागून आले.

मग आला रोपवे. जोशीमठ ते औली सुमारे ४ किलोमीटर, दहा टॉवर, आणि चढ जवळपास १,१०० मीटर. १९९० च्या दशकात तो सुरू झाला आणि गावाचं नशीबच बदललं. हॉटेलं वाढली, मजले वाढले. २०११ च्या जानेवारीत पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, त्यातल्या स्कीच्या शर्यती औलीत. त्यासाठी उतारावर कृत्रिम बर्फाची यंत्रं आली, पाण्यासाठी वर एक तलाव बांधला.

आता माझ्यातला इंजिनियर इथे जरा अडला. हे यंत्र बर्फ ‘बनवतं’ म्हणजे पाण्याचे बारीक तुषार थंड हवेत उडवतं. हवा शून्याखाली आणि पुरेशी कोरडी असेल तरच ते गोठतात. म्हणजे बॅकअप सिस्टीम नेमकी त्याच गोष्टीवर अवलंबून, जी बिघडली म्हणून बॅकअप लागतो! नैसर्गिक बर्फ येतो पश्चिमी झंझावातांमुळे, भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या ओलाव्याने. ते कमकुवत पडले की विषय संपला. २०२३ च्या फेब्रुवारीत औलीतल्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा पुरेसा बर्फ नाही म्हणून रद्द झाल्या. खेळाडूंची तयारी पाण्यात गेली, तिथे आपल्या बुकिंगची काय कथा.

पण खरी गोष्ट त्याच्या महिनाभर आधीची आहे. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ खचायला लागलं. ८०० हून जास्त इमारतींना तडे गेले. इस्रोच्या उपग्रहचित्रांवरून दिसलं की २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटीमीटर खाली गेली होती. शेजारशेजारची दोन हॉटेलं एकमेकांवर रेलली, ती पाडावी लागली. रोपवे थांबवला.

हे अचानक झालं असं म्हणायची सोय नाही. १९७६ साली, म्हणजे रोपवेच्याही आधी, गढवालचे आयुक्त एम. सी. मिश्रा यांच्या समितीने लिहून ठेवलं होतं: जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय. जड बांधकाम नको, उतारावरचे मोठे दगड खोदून काढू नका, झाडं तोडू नका, सांडपाण्याचा निचरा नीट करा. एवढी साधी भाषा. हा अहवाल वाचून मला ती नरसिंहाच्या हाताची कथा पुन्हा आठवली. मी काही श्रद्धाळू वगैरे नाही, पण डोंगर भरवशाचा नाही हे तिथल्या लोकांना समितीच्या कितीतरी आधी कळलेलं असणार.

ताईचं म्हणणं, “मग आपण जाऊन तिथे आणखी भार कशाला टाकायचा?” मुद्दा खोडून काढता येत नाही. पण ज्यांच्या घराला तडे गेले, त्यातल्याच कित्येकांचं पोट हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांवर चालतं. गाडी चालवणारे, स्की शिकवणारे, चहाची टपरीवाले. आपण नाही गेलो तर भेगा बुजणार नाहीत, फक्त त्यांचा सीझन जाईल. माझं मत असं की नवीन मोठ्या हॉटेलात राहू नये, घरगुती होमस्टे बघावा, आणि गीझरचं पाणी गावच्या विहिरीतून शेंदून आणल्यासारखं वापरावं. सांडपाणी शेवटी त्याच ढिगाऱ्यात मुरतं.

बाबांनी विचारलं, “अरे, बर्फ नसला तर?” मी म्हटलं, “बाबा, नंदादेवी कुठे जात नाही.” ७,८१६ मीटरचं शिखर, स्वच्छ सकाळी औलीवरून समोर. जे घर फक्त स्कीसाठी निघणार असेल, त्यांना मी सरळ गुलमर्ग सुचवेन. आमच्या भाच्याला स्की शिकायचीच नाहीये, त्याला बर्फाचा गोळा ताईच्या जॅकेटात टाकायचाय. तेवढ्याला औली पुरतं.

तर आमचं ठरलंय: फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, जाताना रुद्रप्रयागला एक रात्र, म्हणजे बाबांची पाठ आणि भाच्याची उलटी दोन्ही आटोक्यात. रोपवे चालू आहे असं धरून बेत करायचा नाही. जोशीमठहून वर गाडीरस्ता आहे, बर्फ पडला तर तिथे चाकांना साखळ्या लागतात, आणि त्या लावणारे लोक तिथलेच असतात. पैसे त्यांना द्यायचे, घासाघीस न करता.