महाविद्यालयीन बेसबॉलमधील श्रेष्ठ कोण? वादातील आकडे आणि खांद्यावरील भार

आदिलाबाद जिल्ह्यात कापसाची वेचणी आटोपली की मोकळ्या रानांत क्रिकेटचे सामने रंगू लागतात. बोथ असो, जैनथ असो वा बेला, सामना संपल्यावरचा वाद ठरलेला असतो: कोणत्या कॉलेजचा संघ भारी आणि कोणाचा गोलंदाज खरा? या वादात प्रत्येकाजवळ एखादा आकडा असतो आणि प्रत्येकाचा आकडा दुसऱ्याला अमान्य असतो.

अमेरिकेत हाच वाद महाविद्यालयीन बेसबॉलवरून दर वसंत ऋतूत होतो. तेलंगणातील हजारो विद्यार्थी आज तेथील विद्यापीठांत शिकत आहेत. त्यांच्या बोलण्यात ओमाहा, एलएसयू, टेक्सास ही नावे येऊ लागली आहेत. आपल्याकडेही बेसबॉल अगदीच अपरिचित नाही, कारण भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत त्याचा समावेश आहे. या खेळातील श्रेष्ठत्वाचा वाद कोणत्या आकड्यांवर चालतो, ते आकडे काय सांगतात आणि काय लपवतात, याची ही माहिती. क्रिकेट जाणणाऱ्या वाचकाला त्यात आपल्याच मैदानावरील बरेच काही सापडेल.

ओमाहापर्यंतची वाट

अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, पहिल्या श्रेणीत सुमारे ३०० विद्यापीठांचे बेसबॉल संघ आहेत. फेब्रुवारीत हंगाम सुरू होतो. नियमित सामने जास्तीत जास्त ५६. त्यानंतर ६४ संघांची निवड होते. त्यांचे चार-चारचे १६ गट पडतात, गटविजेत्यांत तीन सामन्यांच्या मालिका होतात आणि उरलेले आठ संघ जूनमध्ये नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी जमतात. ही कॉलेज वर्ल्ड सिरीज. पहिली स्पर्धा १९४७ मध्ये मिशिगनमधील कलामझू येथे झाली. तीत कॅलिफोर्निया विद्यापीठाने येल विद्यापीठाला हरवले. येलकडून खेळणाऱ्यांत पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश होते. १९५० पासून स्पर्धा ओमाहातच भरते. २००३ पासून अंतिम फेरी तीन सामन्यांची असते आणि दोन सामने जिंकणारा संघ विजेता ठरतो.

केवळ विजेतेपदे मोजली तर उत्तर सोपे आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची बारा विजेतेपदे आहेत आणि त्यातील पाच १९७० ते १९७४ अशी सलग. त्यानंतर लुइझियाना स्टेट विद्यापीठ, म्हणजे एलएसयू, येते. १९९१ पासून २०२५ पर्यंत त्याने आठ विजेतेपदे मिळवली. टेक्सास विद्यापीठाच्या नावावर सहा आहेत. मात्र सदर्न कॅलिफोर्नियाचे शेवटचे विजेतेपद १९९८ चे आहे, हे एलएसयूचा चाहता लगेच लक्षात आणून देतो. एकाचे माप इतिहासाचे, दुसऱ्याचे वर्तमानाचे. वाद येथेच सुरू होतो.

कोणाविरुद्ध जिंकलात?

हंगामातील सामने सर्वांना सारख्या ताकदीच्या संघांशी खेळावे लागत नाहीत. त्यामुळे नुसते विजय मोजणे न्याय्य ठरत नाही. यावर तोडगा म्हणून निवड समितीने दीर्घकाळ एक निर्देशांक वापरला आहे. त्यात संघाच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला २५ टक्के वजन असते, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणाला ५० टक्के आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्याही प्रतिस्पर्ध्यांना उरलेले २५ टक्के. २०१३ पासून बेसबॉलसाठी त्यात आणखी एक सुधारणा झाली. घरच्या मैदानावरील विजय ०.७ तर परक्या मैदानावरील विजय १.३ असा धरला जाऊ लागला. ज्या संघांना मोठे संघ आपल्या मैदानावर बोलावतात, पण स्वतः त्यांच्याकडे जात नाहीत, त्यांना यामुळे थोडा न्याय मिळाला.

तरीही निर्देशांक म्हणजे भविष्यवाणी नव्हे. २००८ मध्ये फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाचा संघ आपल्या चार संघांच्या गटातही चौथ्या मानांकनाचा होता. तोच पुढे विजेता ठरला. इतक्या खालच्या मानांकनावरून विजेतेपद त्यापूर्वी कोणी मिळवले नव्हते.

एका सामन्यावरून निष्कर्ष काढणे किती धोक्याचे असते, हे २०२३ च्या अंतिम फेरीने दाखवले. पहिला सामना एलएसयूने फ्लोरिडाविरुद्ध ४-३ असा जिंकला. दुसऱ्यात फ्लोरिडाने त्याच संघाचा २४-४ असा फडशा पाडला. दुसऱ्या दिवशी एलएसयूने तिसरा सामना १८-४ असा जिंकून विजेतेपद घेतले. दोन दिवसांत तेच संघ आणि तेच मैदान. दुसरा सामना पाहून उठलेल्या प्रेक्षकाने श्रेष्ठ कोण हे छातीठोकपणे सांगितले असते आणि तो चुकला असता.

पिचरचे माप

बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. क्रिकेटमध्ये गोलंदाज ठरावीक षटकांनंतर बदलतो. येथे एकच पिचर पाच-सहा इनिंग सलग फेकतो. सामना नऊ इनिंगचा असतो आणि प्रत्येक इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन गडी बाद व्हावे लागतात. महाविद्यालयीन संघ शनिवार-रविवारला जोडून तीन सामन्यांच्या मालिका खेळतात आणि सर्वांत भरवशाचा पिचर बहुधा शुक्रवारी उतरतो. म्हणून ‘शुक्रवारचा पिचर’ ही तेथे मानाची पदवी आहे.

त्याला मोजणारे आकडे मुख्यत्वे तीन. पहिला म्हणजे अर्जित धावांची सरासरी. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून उरलेल्या धावांना नऊने गुणायचे आणि टाकलेल्या इनिंगने भागायचे. सरासरी जितकी कमी तितका पिचर चांगला. दुसरा म्हणजे स्ट्राइकआउट, अर्थात तीन स्ट्राइक होऊन बाद झालेले फलंदाज. यात क्षेत्ररक्षकांचा वाटा जवळजवळ नसतो. तिसरा म्हणजे वॉक. चार चेंडू कक्षेबाहेर गेले तर फलंदाजाला पहिला तळ फुकट मिळतो. वॉक कमी म्हणजे नियंत्रण अधिक.

चाहत्यांच्या वादात वारंवार येणारे तीन हंगाम पाहू. सदर्न कॅलिफोर्नियाच्या मार्क प्रायर याने २००१ मध्ये सुमारे १३९ इनिंगमध्ये २०२ फलंदाज स्ट्राइकआउट केले, फक्त १८ वॉक दिले आणि सरासरी १.६९ राखली. सॅन दिएगो स्टेटच्या स्टीफन स्ट्रासबर्ग याने २००९ मध्ये १०९ इनिंगमध्ये १९५ फलंदाज स्ट्राइकआउट केले, सरासरी १.३२. एलएसयूच्या पॉल स्कीन्स याने २०२३ मध्ये सुमारे १२३ इनिंगमध्ये २०९ फलंदाज स्ट्राइकआउट केले, सरासरी १.६९.

प्रायर आणि स्कीन्स यांची सरासरी दुसऱ्या दशांशापर्यंत सारखी आहे. म्हणून ते सारखेच ठरतात का? प्रायरच्या काळातील धातूच्या बॅटवरून चेंडू अधिक वेगाने उसळत असे. २०११ मध्ये बॅटची उसळी मर्यादित करणारा नवा नियम आला आणि होम रन लक्षणीयरीत्या घटले. २०१५ मध्ये कमी उंचीच्या शिवणीचा चेंडू आला आणि तो पुन्हा दूर जाऊ लागला. स्ट्रासबर्गचे आकडे तिघांत सर्वांत देखणे असले तरी त्याचा संघ ज्या गटात खेळत असे तो एलएसयूच्या गटाइतका कठीण मानला जात नव्हता. शिवाय एका हंगामात सर्वाधिक स्ट्राइकआउटचा विक्रम या तिघांपैकी कोणाचाही नाही. तो हवाई विद्यापीठाच्या डेरेक तात्सुनो याचा आहे. १९७९ मधील त्याचा २३४ हा आकडा आजही अबाधित आहे.

चाहत्यांना सर्वाधिक मोहात पाडतो तो चेंडूचा वेग. वेगवान हात म्हणजे पिचर नव्हे, हे भारतीयांना एका प्रसंगाने जवळून पाहता आले. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. दोघांच्याही हातात जोर होता. परंतु मेजर लीगच्या मैदानापर्यंत दोघेही पोहोचले नाहीत.

जो आकडा कोणी विचारत नाही

आतापर्यंतचे सारे आकडे पिचरने काय केले ते सांगतात. त्यासाठी त्याच्या हाताला किती सोसावे लागले, हे त्यात कोठेही दिसत नाही. तो आकडा म्हणजे फेकलेल्या चेंडूंची संख्या.

३० मे २००९ रोजी ऑस्टिन येथे टेक्सास आणि बॉस्टन कॉलेज यांच्यात सामना झाला. तो २५ इनिंग चालला आणि टेक्सासने ३-२ असा जिंकला. महाविद्यालयीन बेसबॉलच्या इतिहासातील हा सर्वांत लांब सामना. टेक्सासच्या ऑस्टिन वूड याने त्यात १३ इनिंग एकही धाव न देता टाकल्या आणि १६९ चेंडू फेकले. आदल्या दिवशीही तो मैदानात उतरला होता. त्या रात्री प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. पुढे तो मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही. प्रतिस्पर्धी संघाच्या माइक बेलफियोरे यानेही त्याच सामन्यात १२९ चेंडू फेकले होते. तो २०१३ मध्ये मेजर लीगचा एक सामना खेळला. एका रात्रीवरून कारण आणि परिणाम यांची गाठ मारता येत नाही. तरीही या सामन्यानंतर चेंडूंच्या मोजणीची चर्चा महाविद्यालयीन वर्तुळात जोराने सुरू झाली.

फेकीचा ताण मुख्यतः कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर आणि खांद्यावर येतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात शरीरातील दुसरा स्नायुबंध बसवून ही इजा प्रथमच दुरुस्त केली. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला त्याचेच नाव पडले. मैदानावर परतण्यास साधारण बारा ते अठरा महिने लागतात. स्ट्रासबर्गने जून २०१० मध्ये व्यावसायिक पदार्पणातच १४ फलंदाज स्ट्राइकआउट केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण पुढची वर्षे दुखापतींत गेली आणि २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. खांद्याच्या दुखापतींमुळे प्रायरचा मेजर लीगमधील शेवटचा सामना २००६ मध्येच झाला. तेव्हा तो २५ वर्षांचा होता.

२०१४ मध्ये मेजर लीग आणि अमेरिकेची राष्ट्रीय बेसबॉल संघटना यांनी वयानुसार मार्गदर्शक मर्यादा जाहीर केल्या. १३ ते १६ वर्षे वयासाठी दिवसाला ९५ चेंडू, १७-१८ साठी १०५ आणि १९ ते २२ साठी १२०. त्यासोबत किती चेंडूंनंतर किती दिवस विश्रांती हवी, हेही सांगितले आहे. महाविद्यालयीन प्रशिक्षकांना हे आकडे कायद्यासारखे बंधनकारक नाहीत. निर्णय अखेर त्यांचाच असतो आणि प्रेक्षकांचा आग्रह त्यांच्या कानावर पडत असतो.

२०२३ च्या स्पर्धेत याचीही परीक्षा झाली. २२ जूनला अंतिम फेरीसाठीच्या सामन्यात एलएसयूची गाठ अग्रमानांकित वेक फॉरेस्टशी पडली. स्कीन्सने आठ इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही, चेंडू १२०. समोर ऱ्हेट लाउडर यानेही सात इनिंग कोऱ्या टाकल्या. अकराव्या इनिंगमध्ये टॉमी व्हाइटच्या होम रनने एलएसयू २-० असा जिंकला. पुढे २४-४ असा पराभव पत्करून संघ २६ जूनला निर्णायक सामन्यात उतरला, तेव्हा स्कीन्सला मैदानात आणावे असे कोणत्याही चाहत्याला वाटले असते. तो उतरला नाही. चेंडू थॅचर हर्डच्या हाती होता आणि संघ जिंकला. त्याच उन्हाळ्यात पिट्सबर्गने स्कीन्सला देशभरातून पहिल्या क्रमांकावर निवडले. २०२४ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५ मध्ये १.९७ च्या सरासरीने त्याने तेथील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला.

आपल्या मैदानासाठी

वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत हाच ताण कमरेच्या मणक्यावर येतो. जसप्रीत बुमराहला २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्याच्यामागे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि विश्रांतीची सोय होती. आदिलाबादमधील एखाद्या कॉलेजचा अठरा वर्षांचा गोलंदाज सकाळी सराव करतो, दुपारी कॉलेजसाठी आणि रविवारी गावच्या संघासाठी टाकतो. तिन्ही ठिकाणची षटके एकत्र कोणीच मोजत नाही. जिल्ह्यापुढे जाण्याची संधी बहुधा एखाद्याच निवड चाचणीत मिळते आणि त्या दिवशी पाठ दुखत असेल तर तीही जाते.

म्हणून श्रेष्ठत्वाच्या वादात प्रत्येक आकड्यामागे चार प्रश्न विचारावेत. प्रतिस्पर्धी कोण होता? मैदान, चेंडू आणि साहित्य कसे होते? हा एका सामन्याचा आकडा की पूर्ण हंगामाचा? आणि त्यासाठी खेळाडूने किती टाकले, मध्ये किती दिवस विसावा घेतला? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे धावफलकात शोधता येतात. चौथ्यासाठी कोणीतरी वही ठेवावी लागते. तारीख, सरावासह टाकलेली षटके, विश्रांतीचे दिवस आणि दुखणे असल्यास त्याची नोंद, एवढे चार रकाने पुरेत. ते काम संघातील राखीव खेळाडूही करू शकतो.